सुरतेचे दार आणि फिरंगी चावी

सुरत हे नाव आपण मराठी माणसे शाळेत प्रथम ऐकतो ते ‘लूट’ या शब्दाला जोडूनच. पुढे आयुष्यात कधी सुरतेला जायचा योग आलाच तर मनात थोडे अवघडल्यासारखे होते. समोरचा सुरती माणूस आपल्याकडे नेमक्या कोणत्या नजरेने पाहत असेल? (तो पाहत नसतो. त्याला त्याच्या कापडाची आणि हिऱ्याची काळजी असते.) माझी लेक लग्नानंतर सुरतेला, अडाजण भागात राहते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. शिवाजी महाराज, इंग्रजांची वखार, तापीकाठचा किल्ला असे काहीबाही पाहून त्यावर लिहायचे, असा बेत होता. लिहीत आहे ते मात्र जावयाच्या गाडीच्या एका मोडक्या हँडलवर. पण मंडळी, किल्ला आणि महाराज येतीलच, धीर धरा.

झाले ते असे. गाडी दहा वर्षांची. मागच्या डाव्या दरवाजाचे बाहेरचे हँडल बरेच दिवस जड झाले होते. दोनदा ओढल्याशिवाय दार उघडत नसे. एका दुपारी लेक, मी आणि चार वर्षांचा नातू बाजारातून परतलो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तिने गाडी नेहमीप्रमाणे खांबाला चिकटून लावली, म्हणजे उजवीकडून मागचे दार उघडायची सोय नाही. इंजिन बंद, थंड हवा बंद. आम्ही दोघे पुढून उतरलो, तिने डाव्या बाजूचे हँडल ओढले आणि ते कट्‌कन मोडून तिच्या हातात आले. आत नातू पट्ट्यात अडकलेला, अर्धवट झोपेत. आतून उघडावे, तर लहान मुलांसाठीचे कुलूप लावलेले. ते दाराच्या कडेला असते. एकदा लावले की आतल्या मुठीला कितीही ओढा, दार ऐकत नाही. ते दार फक्त बाहेरून उघडायचे, आणि बाहेरची मूठ तर हिच्या हातात!

“बाबा, दार उगडना!” सुरतेत आठ वर्षे काढलेल्या माझ्या लेकीच्या तोंडून घाबरल्यावर आमची घरची कोंकणीच बाहेर आली.

पुढच्या दारातून आत शिरून, दोन आसनांच्या मधल्या फटीतून मी त्याचा पट्टा सोडवला आणि त्याला ओढून घेतले. दोन मिनिटांचे काम. पण सुरतेच्या मे महिन्यात बंद गाडीतली दोन मिनिटे फार मोठी असतात. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मुलाच्या रक्षणासाठी केलेली सोय, आणि एक प्लॅस्टिकचा तुकडा मोडताच तीच त्याला कोंडणारी झाली.

गाडी दुरुस्तीला न्यावी तर तिथे ‘दोन दिवस गाडी सोडा, भाग मागवावा लागेल’ असे उत्तर. जावई म्हणाले, “बाबा, आपणच बदलू. मोबाइलवर सगळं दाखवतात.” मी माझ्या आयुष्यात सायकलची चेन बसवण्यापलीकडे गेलेलो नाही; पण नातवाचा प्रश्न होता. सुट्या भागांच्या एका दुकानातून हँडल आणले. त्याला गाडीचा रंग नव्हता, नुसते काळे होते. रंगवून हवे असते तर पैसे जास्त आणि वेळही जास्त.

दुकानातच पहिली गंमत झाली. आमच्या घरात हत्यारे अशी नव्हतीच, म्हणून जावयांनी गुजरातीत सांगितले, एक ‘डिसमिस’ पण द्या. मी चमकलो. कोणाला नोकरीवरून काढले? तर डिसमिस म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर! गुजरातेत सर्रास हाच शब्द. कुठून आला देव जाणे. तिथून माझे कान टवकारले गेले, आणि पुढचे दोन दिवस मी हँडल कमी आणि शब्द जास्त गोळा केले.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पार्किंगमध्ये बसलो. कोणाला घरी करायचे असेल तर सांगतो, फार अवघड नाही. आधी काच पूर्ण वर घ्यायची. मग काच फिरवायची आतली मूठ काढायची. तिच्यामागे घोड्याच्या नालासारखी एक तारेची चाप असते. जुने फडके मुठीच्या मागे घालून करवतीसारखे पुढेमागे ओढले की ती चाप टुण्‌कन उडते. (आमची उडून गटाराच्या जाळीवर जाऊन पडली, आत पडली असती तर आणखी एक दिवस गेला असता.) मग हात ठेवायच्या जागेचे आणि आतल्या कडीमागचे स्क्रू. मग दाराचे आतले पुठ्ठ्याचे आवरण. ते प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेले असते, खालून हळूहळू सोडवत वर न्यायचे. त्यामागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो निरुपयोगी समजून फाडू नये. काचेच्या फटीतून उतरणारे पावसाचे पाणी तो आत येऊ देत नाही. आमच्या गोव्यातल्या पावसाळ्यात याची किंमत कळते!

कागद बाजूला केला की दाराचे पोट दिसते. हँडल दोन नटांनी धरलेले असते आणि त्याच्यापासून एक बारीक सळई कुलपाच्या यंत्राकडे जाते. सळई एका प्लॅस्टिकच्या खिट्टीत अडकवलेली. खिट्टी फिरवून सळई सोडवायची, नट काढायचे, नवे बसवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे: दार उघडे असतानाच तपासायचे. कुलपाचा आकडा डिसमिसने ढकलून बंद करायचा आणि बाहेरचे हँडल ओढायचे. आकडा सुटला तरच दार लावायचे. न तपासता दार लावले आणि सळई नीट बसलेली नसली, तर मात्र आतले आवरण काढायलाही दार उघडत नाही. मग डोक्याला हात!

आमचा आकडा सुटला. दार लावले. उघडले. पण हँडल तितकेच जड! जावयांचा चेहरा उतरला. तेव्हा इतका वेळ मजा पाहत बसलेला रखवालदार म्हणाला, “मिस्त्रीने बोलावुं?”

मिस्त्री. या शब्दाशी मी थबकलो. आमच्या गोव्यात सुताराला, कारागिराला ‘मेस्त’ म्हणतात. पोर्तुगीज ‘मेस्त्र’ म्हणजे गुरू, उस्ताद. त्याचा आमच्याकडे मेस्त झाला, मराठीत मेस्त्री आणि मिस्त्री, गुजरातीत मिस्त्री. आणि त्या मिस्त्रीने येऊन पहिला प्रश्न काय विचारला? “चावी क्यां छे?” चावी! तोही पोर्तुगीज ‘शाव्ह’. जुन्या उच्चारात तिथे ‘च’ होता असे म्हणतात, आणि आपण तो जुना उच्चार जपून ठेवला आहे.

मिस्त्री खानदेशातला निघाला. सुरतेत लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने आहेत. आधी कापडाच्या मागांवर आणि मग हळूहळू सगळ्याच धंद्यांत ती पसरली. माझे मराठी ऐकून तो खुलला. त्याने हँडलकडे पाहिलेसुद्धा नाही. दार अर्धे उघडले, खालून हाताने वर उचलून पाहिले आणि म्हणाला, “बाबा, हँडलनं काय केलंय? मिजागरा ढिला आहे.” वजनाने दार किंचित खाली बसले होते. त्यामुळे कुलपाचा आकडा खांबावरच्या लोखंडी कडीत वाकडा शिरून अडकत होता. अडकलेला आकडा सोडवायला जोर लागतो, आणि जोर सगळा येतो तो त्या बिचाऱ्या प्लॅस्टिकच्या हँडलवर. आम्ही दुखणे एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी लावत होतो. त्याने बिजागऱ्यांचे बोल्ट आवळले, कडीचे दोन स्क्रू सैल करून ती केसभर खाली सरकवली, आकड्यावर तेलाचे चार थेंब सोडले. दार एका बोटाने उघडू लागले.

हे काम तो कुठे शिकला विचारले, तर म्हणाला, पुरात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला, हे आपण तेव्हा वर्तमानपत्रांत वाचले होते. पाणी ओसरल्यावर हा पोरगेला एका गॅरेजात नुसती दारे खोलत होता. दाराच्या तळाशी पाणी निचरायला भोके असतात, ती गाळाने बुजलेली. दारे आतून गंजत होती. शेकडो दारे खोलली, म्हणाला. आमच्या दाराचीही तळची भोके त्याने तारेने मोकळी करून दिली, न सांगता.

आता ‘मिजागरा’. गुजरातीत मिजागरुं, मराठीत बिजागरी. वाचकहो, हाही पोर्तुगीजच! ‘बिसाग्र’ म्हणजे बिजागरी. आजच्या पोर्तुगालात यासाठी दोब्रादिसा हा शब्द चालतो. बिसाग्र तिथे मागे पडला, तो आपल्या न्हाणीघराच्या दारावर मात्र अजून कुरकुरतो आहे. म्हणजे सुरतेच्या एका पार्किंगमध्ये एक गोवेकर, एक खानदेशी आणि एक गुजराती रखवालदार मिळून एक दार दुरुस्त करीत होते आणि त्यातले तीन कामाचे शब्द, दार ज्यावर फिरते ती बिजागरी, दार जी उघडते ती चावी, आणि दार जो दुरुस्त करतो तो मिस्त्री, तिन्ही फिरंगी.

हे सगळे मी पार्किंगमध्ये बसल्याबसल्या ओळखले अशी बढाई मारत नाही. ही वाट फार पूर्वी आपल्याच माणसाने दाखवून ठेवली आहे. मोन्सेन्योर सेबास्त्यांव रोदोल्फो दालगादो, बार्देशातल्या आसगावात १८५५ मध्ये जन्मलेले. त्यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला; पन्नासच्या आसपास भाषा त्यात तपासल्या आहेत. उत्तरायुष्यात आजाराने दोन्ही पाय गेले, तरी लिस्बनमध्ये संस्कृत शिकवीत आणि शब्द वेचीत राहिले. १९२२ मध्ये वारले. त्यांच्या त्या कोशाचा इंग्रजी अनुवाद झाला तो कुठे, ठाऊक आहे? बडोद्याला. सुरतेहून रेल्वेने दोनेक तासांवर! आंतोनियो शाव्हियेर सुवारिश यांनी तो केला आणि गायकवाडांच्या प्राच्यग्रंथमालेत १९३६ मध्ये तो निघाला. गोव्याच्या माणसाचे काम मराठ्यांच्या राज्याने गुजरातेत छापले. आपण गोव्यात दालगादोंचे नाव किती घेतो, हा प्रश्न इथे नको, मनस्ताप होतो.

पण सुरतेच्या तोंडी हे शब्द यावेत, याचे मला नवल वाटले ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या दिवशी चौकबाजारातला किल्ला पाहायला गेलो. आता तो दुरुस्त करून संग्रहालय केले आहे. हा किल्ला बांधला गेला तो खास पोर्तुगीजांना दूर ठेवायला. १५३० मध्ये आंतोनियो द सिल्व्हेराने तापीत शिरून सुरत आणि पलीकडचे रांदेर, दोन्ही लुटून जाळली. मग गुजरातच्या सुलतान महमूदशहाच्या हुकमाने खुदावंतखानाने हा जाड भिंतींचा किल्ला उभारला, १५४६ च्या सुमारास. तो बांधू नये म्हणून पोर्तुगीजांनी पैसा देऊ केला, अशी कथा जुन्या फारसी तवारिखांत आहे. खानाने पैसा घेतला नाही.

म्हणजे ज्यांना दार बंद करायला शहराने एवढा खर्च केला, त्यांचाच शब्द त्या दाराच्या कुलपात शिरला. हे कसे? गोव्यात आपल्याकडे यावर दोन ठरलेली उत्तरे असतात. एक म्हणतो, बघा, पोर्तुगीजांनी आपल्याला केवढे दिले! दुसरा म्हणतो, गुलामीच्या खुणा आहेत, पुसून टाका. सभांमधून, वर्तमानपत्रांतल्या पत्रव्यवहारातून ही दोन्ही उत्तरे आपण आयुष्यभर ऐकत आलो. सुरत या दोन्ही उत्तरांना गप्प करते. सुरतेवर पोर्तुगीजांचे राज्य कधी नव्हते. तिथे ना त्यांचे शाळामास्तर होते, ना इन्क्विझिशन. शब्द आले ते बाजारातून, गोदीतून, सुतारांच्या हातून. पश्चिम किनाऱ्यावर सोळाव्या-सतराव्या शतकांत परक्या माणसाशी सौदा करायचा तर मोडकीतोडकी पोर्तुगीज हीच भाषा होती. १६१२ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीज जहाजांना मागे हटवले आणि वर्षभरात सुरतेत वखार थाटली. पण तिथे बसून ते बोलले काय? दलालांशी पोर्तुगीजच. अगदी १६९८ च्या इंग्रज सनदेतही कंपनीच्या पाद्र्यांनी हिंदुस्थानात आल्यावर वर्षाच्या आत पोर्तुगीज शिकावी, अशी अट आहे. हरलेल्याची भाषा जिंकणाऱ्याला शिकावी लागत होती.

आणि असेही नाही, की फिरंगी यायच्या आधी सुरतेत दाराला कडी नव्हती. कुंची हा चावीसाठीचा जुना शब्द गुजरातीत आजही आहे. अडसराला ते आगळो, आगळियो म्हणतात. मूळ संस्कृत अर्गला. मराठीतही आगळ आहे, पण गोव्यात आगळ म्हटले की दार कोणाला आठवणार? सोलकढीच आठवणार! तेव्हा शब्दाची देणगी वगैरे काही नसते. एका सुताराने दुसऱ्याच्या हातातली चांगली वस्तू पाहिली, नाव विचारले, घेतले. संपले. त्यात उपकार नाही आणि अपमानही नाही, असे माझे मत. कोणाला पटणार नाही, चालेल.

किल्ल्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा अर्थातच महाराज आठवले. जानेवारी १६६४. मराठी फौज येते आहे कळल्यावर शहराचा सुभेदार इनायतखान या किल्ल्यात शिरला आणि त्याने दारे आतून लावून घेतली. बाहेर उरले व्यापारी आणि रयत. विरजी व्होरा, हाजी झहीद बेग यांचे वाडे चार दिवस खणले जात होते आणि शहराचा रखवालदार आत बसून होता. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र आपली वखार लढवली. (तो १६६९ मध्ये सुरतेतच मेला, त्याच्या भावाचा आणि त्याचा प्रचंड घुमट कतारगामच्या इंग्रज कबरस्तानात आहे, पाहण्यासारखा.) कापुचिन पाद्री फादर अँब्रोज याच्या मठाला मराठ्यांनी हात लावला नाही, असे बर्नियर लिहितो. त्यानंतर औरंगजेबाने शहराला पक्का विटांचा तट बांधायचा हुकूम दिला. तरीही १६७० च्या ऑक्टोबरात मराठे पुन्हा येऊन गेलेच. मला त्या दारात उभे राहून लुटीपेक्षा आतून लावलेल्या त्या कडीचा राग आला. रात्रीची ती गाडी अजून डोक्यातून गेली नव्हती.

हँडलवरून आणखी एक आठवण झाली, ती आमच्या डिचोलीची. १९५५ पासून भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि पोर्तुगीज सरकारने परदेशी माल मोकळा सोडला. लोहखनिजाचा पैसा खेळत होता. घड्याळे, दारू, मोटारी, सगळे युरोपातून थेट यायचे. माझ्या मामांनीही तेव्हा एक जुनी ओपेल घेतली होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि भारताचे आयातीचे कडक नियम लागू झाल्यावर त्या सगळ्या मोटारी एका अर्थी पोरक्या झाल्या. सुटे भाग यायचे बंद. १९६५ च्या सुमारास मामांच्या ओपेलचे चालकाच्या बाजूचे हँडल तुटले. मिश्रधातूचे ओतीव, सांधता येत नाही. मुंबईला चौकशी केली, नाही मिळाले. शेवटी मामांनी तुटलेले दोन्ही तुकडे मेणाने जोडून समया ओतणाऱ्या कासाराकडे नेले. त्याने त्यावरून मातीचा साचा केला आणि पितळेचे हँडल ओतून दिले. वजनदार, पिवळेधमक! बाकी तीन हँडले चकचकीत रुपेरी आणि हे देवळातल्या घंटेसारखे. मामी दसऱ्याला गाडीची पूजा करायची तेव्हा हळदकुंकू त्याच हँडलला लावायची. गाडी पुढे मोडीत गेली तरी ते हँडल घरी बरीच वर्षे कागद उडू नयेत म्हणून मामांच्या टेबलावर होते.

गाडीच्या दाराचा इतिहासही तसा घोडागाडीच्या दारापासूनच सुरू होतो. आधी फिरवायची मूठ, मग बटण दाबायची, मग उचलायची. सुरुवातीच्या ११०० फियाटची, जिला आपण डुक्कर फियाट म्हणायचो तिची, पुढची दारे तर उलटी उघडत, बिजागरी मागे. आकडा नीट बसला नाही तर वाऱ्याने दार सताड उघडायचे. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला गेला तर जगण्याची शक्यता फार घटते, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासाने पन्नासच्या दशकात दाखवून दिले. १९५६ च्या फोर्ड गाड्यांत सहजी न सुटणारे आकडे आले आणि १ जानेवारी १९६८ पासून तिकडे दाराच्या कुलपाचा कायदाच झाला. तेव्हा चिंता होती दार उघडण्याची. आता उलटे झाले आहे. विजेवर चालणारी, आत दडणारी हँडले आली, आणि वीज गेली की बाहेरच्याला दार उघडता येत नाही अशा तक्रारी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने टेस्लाच्या मॉडेल वाय गाडीची चौकशी सुरू केली, ती याचसाठी; आत मुले अडकल्याच्या तक्रारी होत्या. ही बातमी पूर्वी वाचली होती आणि विसरलोही होतो.

मिस्त्रीने पैसे विचारल्यावर “द्या काय द्यायचे ते” म्हणत चहा तेवढा घेतला. जावयांनी बळेच शंभर रुपये त्याच्या खिशात घातले. रुपेरी गाडीला ते काळे हँडल उठून दिसते. लेकीला ते आवडलेले नाही. नातवाने मात्र संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस वेळा ते दार उघडून आणि लावून पाहिले, आणि आम्ही कोणी त्याला ओरडलो नाही. मुलांचे कुलूप लेकीने सध्या काढून ठेवले आहे. ते लावावे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. गाडी खांबाला चिकटून लावायची नाही, यावर मात्र आहे.

गोव्याला परतल्यावर दालगादो पुन्हा काढला. चावी, मिस्त्री, बिजागरी सापडले. मग हँडलला काय म्हणतात ते आठवू लागलो. पोर्तुगीजमध्ये ‘पुशादोर’, ‘पुशार’ म्हणजे ओढणे. लिस्बनच्या दुकानांच्या दारांवर ‘पुश’ लिहिलेले असते, इंग्रजी जाणणारा माणूस ढकलत राहतो आणि दार हलत नाही! हा शब्द काही सुरतेला पोचला नाही. आमच्याकडेही नाही. आम्ही सगळे आपले हँडलच म्हणतो.